जड फाइल, फाटका फोटो

सप्टेंबर उजाडला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत कारखान्याचे बॉयलर पेटायच्या आधी अहवालांची छपाई पेटते. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, हा कायद्याचा दंडक. त्यामुळे न्हावरे आणि पाटसच्या सहकारी साखर कारखान्यांपासून गल्लीतल्या पतसंस्थेपर्यंत सगळ्यांची घाई एकाच महिन्यात. त्यातच गणेश मंडळांच्या स्मरणिका. पुढे हिवाळ्यात महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं आणि शाळांची स्नेहसंमेलनं. शिवाय सरकारी अभियानं आहेतच. २०२० साली सुरू झालेलं ‘माझी वसुंधरा’ असो की दुसरं कुठलं अभियान, केलेलं काम लिहून भागत नाही, त्याचा फोटो लागतो. झाड लावलं तर झाडाचा, लावणाऱ्याचा, आणि झाड लावताना कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या पाहुण्यांचाही.

हा सगळा पसारा शेवटी एका वर्डच्या फाइलीत येऊन पडतो. ती करणारे असतात शाळेतले एखादे उत्साही सर, महाविद्यालयातल्या कार्यक्रम अधिकारी मॅडम, संस्थेचे सचिव, नाहीतर ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. छपाईचं शिक्षण यांपैकी कुणालाच मिळालेलं नसतं. तरी तालुक्याच्या वर्षभराच्या कामाचं पुस्तक त्यांच्याच हातून तयार होतं. मग ते पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलवर घेऊन एसटी स्टँडसमोरच्या, तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात यायचं. आर्ट पेपरवरचं मल्टिकलर काम असेल तर शिरूरकर पुणे किंवा अहिल्यानगर गाठतात, दौंडकर पुणे किंवा बारामती.

या दुकानांच्या काउंटरवर तीन तक्रारी कायम ऐकू येतात. “सर, फाइल ओपनच होईना.” “फोटो फाटतोय, ओरिजिनल पाठवा.” आणि गिऱ्हाइकाच्या तोंडची तिसरी, “घरी बरोबर होतं हो, इथंच पान सरकलंय.” तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. शब्द आणि फोटो फार लवकर एकत्र आणले जातात.

वजन कुठून येतं

आजच्या साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. फाइल म्हणून त्याचं वजन तीन ते पाच एमबी भरतं. शिबिराच्या चाळीस पानी अहवालात असे साठ फोटो टाकले, तर सरासरी चार एमबी धरून २४० एमबी झाले. चाळीस पानं नुसता मजकूर असता तर तो एका एमबीतही बसला असता.

फोटो पानावर आणल्यावर आपण कोपरा धरून तो लहान करतो. चौकट लहान होते, फोटो मात्र आत आहे तेवढाच राहतो. सदऱ्याची बाही दुमडली म्हणून कापड कमी होत नाही, तसंच हे. अडीच इंच रुंदीच्या चौकटीत ४००० ठिपके कोंबले म्हणजे दर इंचाला १६०० ठिपके पडले. उत्तम रंगीत छपाईलाही ३०० पुरतात. उरलेले ठिपके फाइल जड करतात आणि छापून कधीच येत नाहीत.

ज्याला हे डोळ्यांनी पाहायचं आहे त्याने एक प्रयोग करावा. अहवालाची एक प्रत काढून ठेवावी आणि त्या प्रतीच्या नावाच्या शेवटचं ‘डॉक्स’ पुसून तिथे ‘झिप’ लिहावं. २००७ पासूनची वर्डची फाइल ही मुळात झिपच आहे, त्यामुळे ती गठडीसारखी उघडते. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर, त्यात ‘मीडिया’ नावाचं. त्यात इमेज १, इमेज २ असे सगळे फोटो रांगेत बसलेले दिसतात, आणि प्रत्येकाचं वजनही. कोण किती जागा अडवून बसलंय ते लगेच कळतं. बहुतेक वेळा सगळ्यात जाडजूड निघतो तो स्क्रीनशॉट किंवा कॉपी-पेस्ट करून आणलेला फोटो. असा डकवलेला फोटो अनेकदा पीएनजी म्हणून साठतो आणि तोच फोटो जेपीजी म्हणून ‘इन्सर्ट’ केला असता त्याच्या कित्येक पट जागा खातो. लोगो, सही-शिक्के, आलेख यांना पीएनजी योग्य. माणसांच्या आणि झाडांच्या फोटोंना जेपीजी.

वजन उतरवायची सोय वर्डमध्येच आहे. कुठल्याही फोटोवर क्लिक करून वरच्या ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये गेलं की ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ सापडतं. ‘फक्त या फोटोपुरतं’ ही खूण काढली की सगळ्या फोटोंना ते एकदम लागू होतं. पर्याय असतात ते दर इंचाला किती ठिपके ठेवायचे याचे: मेलसाठी ९६, पडद्यासाठी १५०, छपाईसाठी २२०, आणि त्याहून बरं हवं तर ३३०. वरच्या उदाहरणात २२० निवडलं तर अडीच इंची फोटो ४००० बाय ३००० वरून साधारण ५५० बाय ४१२ वर येतो. ठिपके पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी होतात, आणि २४० एमबीची फाइल काही एमबींवर येते. घरच्या प्रिंटरवर दोन्ही प्रती काढल्या तर फरक ओळखणं अवघड.

मात्र इथेच मोठी ठेच लागते. एकदा कॉम्प्रेस करून सेव्ह केलं की फेकलेले ठिपके परत येत नाहीत. तीच फाइल पुढच्या वर्षी उघडून “यातला हा फोटो कव्हरला मोठा घेऊ” म्हटलं तर तो ५५० ठिपक्यांचाच हाती येतो. म्हणून कॉम्प्रेस करायचं ते नेहमी प्रतीवर. मूळ फाइलीत ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन फाइलीतले फोटो कॉम्प्रेस करू नयेत ही खूण करून ठेवली म्हणजे वर्ड आपण होऊन हात लावत नाही.

केडगावच्या छापखान्यातली विभागणी

शब्द वेगळे आणि चित्रं वेगळी ठेवायची शिस्त या भागाला नवी नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुक्ती मिशन उभारलं. तिथे आश्रित स्त्रियांना जे उद्योग शिकवले गेले त्यांत छापखान्याचं काम होतं. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं बायका करत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. आज डेमूतून जाता-येता ज्या केडगावकडे आपण नुसतं स्टेशन म्हणून पाहतो, तिथे शंभर वर्षांपूर्वी बायका एकेक जोडाक्षर हाताने उचलून पान उभं करत होत्या.

त्या काळच्या छपाईत मजकूर खिळ्यांचा असे आणि फोटो हवा असेल तर त्याचा ‘ब्लॉक’ करावा लागे. फोटोवर बारीक जाळी धरून त्याचे लहान-मोठे ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हे काम स्वतंत्र कारागिराचं, बहुधा मोठ्या शहरातलं. फोटो केवढा छापायचा हे आधी ठरवावं लागे, कारण ब्लॉक त्याच मापाचा होई. मजकूर गावात जुळायचा, ब्लॉक बाहेरून यायचा, आणि दोन्ही एकत्र यायचे ते अगदी शेवटी, फर्मा आवळताना.

ऑफसेट आलं, ब्लॉक गेले, पण जाळी राहिली. कुठलाही रंगीत अहवाल भिंगाखाली धरला तर निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतात. चांगल्या कागदावरच्या कामाला इंचाला साधारण १५० ओळींची जाळी वापरतात. फोटोत त्याच्या दुप्पट ठिपके असावेत असा कारागिरांचा हिशेब, आणि दुकानदार जो ‘तीनशे डीपीआय’चा घोष करतो तो त्यातूनच आला. वर्तमानपत्राची जाळी मोठी असते, तिथे दोनशेवर भागतं. म्हणजे तीनशे हा आकडा फोटोचा गुण नाही. तो कुठे आणि केवढा छापायचा, यावर ठरतो. ब्लॉकच्या काळात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जायचा. आता तो फोटो फाटल्यावर विचारला जातो.

व्हॉट्सॲपची कात्री

फोटो फाटतो तो बहुतेकदा वाटेत. कार्यक्रमाचे फोटो काढतो एक जण, अहवाल लिहितो दुसरा, आणि दोघांमध्ये असतो व्हॉट्सॲपचा ग्रुप. फोटो म्हणून साधा पाठवला की व्हॉट्सॲप त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणतं. ४००० बाय ३००० चा फोटो १६०० बाय १२०० होऊन पोचतो.

आता हिशेब मांडू. १६०० ठिपके भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच, साडेतेरा सेंटिमीटर. आतल्या पानावर अर्ध्या पानाच्या फोटोला हे अगदी व्यवस्थित पुरतं. पण तोच फोटो उभा धरून ए-फोर कव्हरवर पानभर ताणला तर रुंदीला १२०० ठिपकेच मिळतात, इंचाला जेमतेम १४५. अध्यक्षांचा चेहरा फाटतो आणि बोल छापखान्याला लागतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपने ‘एचडी’चा पर्याय दिला, त्याने स्थिती सुधारते, पण मूळ फोटो तसाच्या तसा तोही देत नाही. खरा उपाय एकच: कागदाच्या पिनेचं चिन्ह दाबून ‘डॉक्युमेंट’ म्हणून फोटो पाठवायचा. तसा तो एक ठिपकाही न गमावता पोचतो. २०२२ पासून दोन जीबीपर्यंतची फाइल अशी जाते.

फोटो म्हणून पाठवताना आणखी एक गोष्ट गळते. मोबाइल फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून गेला की ही नोंद पुसली जाते. सरकारी कामाला आणि महाविद्यालयांच्या नॅक मूल्यांकनाला ‘जिओटॅग’ फोटो मागतात, तिथे ही अडचण होते. म्हणूनच नकाशा आणि अक्षांश-रेखांश फोटोवरच छापणारी ॲप शिक्षकांच्या मोबाइलमध्ये दिसतात. एका फोटोला हे ठीक आहे. पण स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ग्रामदैवताच्या पालखीखाली काळी पट्टी आणि गुगलचा नकाशा येतो, तेव्हा जीव हळहळतो. पुराव्याचा एक आणि छपाईचा एक, असे दोन फोटो काढायला दोन सेकंद जास्त लागतात.

मेलचा मामला वेगळा. जीमेल २५ एमबीपर्यंत फाइल जोडू देतं; त्यावर गेलं की आपोआप ड्राइव्हची लिंक होते. मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि समोरच्या कार्यालयाची मर्यादा आणखी कमी असू शकते, म्हणून दहा एमबीच्या आत राहिलेलं बरं. लिंक पाठवली तर ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ ही परवानगी दिली आहे का ते बघावं. नाहीतर शेवटच्या तारखेला तिकडून परवानगीची विनंती येते आणि आपण तेव्हा मांडव सोडवत असतो.

सरकलेलं पान

तिसरी तक्रार मराठीत जास्त बोचते. वर्डची फाइल म्हणजे पक्कं पान नव्हे. ती पान कसं मांडायचं याची सूचना आहे. समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर वर्ड दुसरा घेतं, ओळी लांबतात आणि फोटो पुढच्या पानावर उडी मारतो. त्यात आपल्याकडे दोन पिढ्यांचे फॉन्ट एकत्र नांदतात. शाळेत मंगल किंवा निर्मला युनिकोडमध्ये टाइप होतं. छपाईच्या दुकानात वर्षानुवर्षांचं काम श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये पेजमेकर आणि कोरलवर चालत आलं आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड मराठी कळत नाही. म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि तिथे रफार, अर्धा र, जोडाक्षरं तुटतात. कन्व्हर्ट केलेल्या मजकुराचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचायला हवं, हे सांगूनही कुणी वाचत नाही.

पान सरकू नये म्हणून तीन सवयी पुरतात. कागद सुरुवातीलाच ए-फोर ठरवायचा. पुष्कळ संगणकांवर तो अमेरिकी ‘लेटर’ मापावर असतो आणि छापताना खालची-वरची जागा बिघडते. फोटो ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवायचे, मोकळे तरंगते नाहीत. एका ओळीत दोन-तीन हवे असतील तर रेघा नसलेला तक्ता करून त्याच्या घरांत बसवायचे. आणि दुकानात पाठवायची ती वर्डसोबत पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, पान जागेवर राहतं. वर्ड पीडीएफ करताना दोन पर्याय देतं: ‘स्टँडर्ड’ छपाईसाठी, ‘मिनिमम साइज’ मेलवर पाठवायला. या दोघांची अदलाबदल हेही फोटो फाटण्याचं एक कारण आहे.

रंगांबाबत मात्र अपेक्षाच आवरायला हवी. मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. पडद्यावरचा झळाळता भगवा आणि पोपटी शाईत तसा येत नाही, आणि वर्डला शाईचे चार रंग वेगळे करता येत नाहीत. ते काम छापखान्याचं. तिथे एक रंगीत प्रूफ कागदावर मागून घ्यावं आणि त्यावर सही करावी. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सला द्यायचा अहवाल असेल तर फोटो आधी उजळ करावेत. उन्हातल्या शिबिराचे चेहरे नाहीतर नुसते काळे डाग उमटतात.

कापलेलं आत राहतं

एक गोष्ट वजनाहून गंभीर आहे. वर्डमध्ये फोटो ‘क्रॉप’ केला की कापलेला भाग दिसेनासा होतो, जात नाही. फाइल मिळणारा कुणीही चौकट पुन्हा ओढून तो बाहेर काढू शकतो, किंवा झिप करून मूळ फोटो उचलू शकतो. लाभार्थ्याचं आधार कार्ड, पासबुकाचं पान, मुलींच्या वसतिगृहाच्या फोटोतला नको असलेला कोपरा, हे सगळं क्रॉप करून अहवालात लावलं आणि वर्ड फाइल ग्रुपवर टाकली, तर आपण जे झाकलं तेच सगळ्यांच्या हाती गेलं. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘कापलेला भाग काढून टाका’ अशी खूण आहे, ती बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीला करावी. आधारचा आकडा काळ्या पट्टीने झाकणाऱ्यांनाही हेच लागू: वर्डमध्ये वर ठेवलेली पट्टी कुणीही उचलून बाजूला ठेवू शकतो.

पाबळची शिस्त

शिरूर तालुक्यातच या शिस्तीची एक शाळा आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, २००२ साली इथे आली. फॅब लॅबच्या जगभरच्या ‘फॅब अकॅडमी’ या शिक्षणक्रमात विद्यार्थ्याला दर आठवड्याचं काम फोटोंसह नोंदवावं लागतं, आणि फोटो चढवण्याआधी लहान करणं हा त्यातला पहिल्या धड्यांपैकी एक. कारण साधं आहे: शेकडो विद्यार्थ्यांनी जड फोटो टाकले तर सगळ्यांचीच नोंदवही चालेनाशी होते. काम जितकं महत्त्वाचं तितकीच त्याची नोंद नीट, ही पाबळची शिकवण अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

मग छापखान्याला द्यायचं काय? जुन्याच विभागणीने द्यावं. एका फोल्डरात फक्त मजकुराची वर्ड फाइल, जिथे फोटो हवा तिथे कंसात ‘फोटो ७, अर्धं पान’ असं लिहिलेलं. दुसऱ्या फोल्डरात मूळ फोटो, त्याच क्रमांकांनी. तिसरी गोष्ट म्हणजे एक पीडीएफ, डमी म्हणून, पान कसं दिसायला हवं ते कळावं एवढ्यासाठी. मधोमध पिना मारायचं पुस्तक असेल तर पानं चारच्या पटीत बसवावीत. सदतीस पानं झाली तर तीन कोरी जाणार, त्यापेक्षा एक गाळावं किंवा तीन भरावीत. ग्रुपवर टाकायची प्रत ही याच अहवालाची वेगळी, कॉम्प्रेस केलेली पीडीएफ. एकाच फाइलीकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की ती पाठवायलाही जड होते आणि छापायलाही पातळ.

ही कटकट वाटेल, पण ती एका संध्याकाळची आहे. शाळांची रौप्यमहोत्सवी आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते तेव्हा पहिल्या वर्षांचे फोटो शोधत माणसं गावभर फिरतात, आणि कुणाच्या तरी ट्रंकेत एखादा मूळ फोटो सापडतो. आजचे फोटो ट्रंकेत राहणार नाहीत; ते कॉम्प्रेस केलेल्या अहवालात नाहीतर बदललेल्या मोबाइलमध्ये राहतील. म्हणून या दिवाळीत घर आवरताना सचिवांनी, मुख्याध्यापकांनी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढं करावं: गेल्या वर्षीच्या कार्यक्रमांचे मूळ फोटो मागवून घ्यावेत, डॉक्युमेंट म्हणून. वर्ष आणि कार्यक्रमाच्या नावाचं फोल्डर करावं, फोटोत कोण आहे ते एका कागदावर लिहावं आणि दोन वेगळ्या जागी साठवावं. अहवाल पुन्हा लिहिता येतो, फोटो पुन्हा काढता येत नाही.